येऊरचा बंगला आणि नणंदेची सही

ताई, स. न. वि. वि.

मी ठाण्याची, पाचपाखाडीची. वय ४४. फोर्टला विमा कंपनीत नोकरी. सहा वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी छापून आली, चार जणांनी बरं म्हटलं. दुसरी गेली तीन वर्षं अडली आहे. कॉलेजपासून इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन माझं दैवत. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाडीत मला बसायला मिळतं आणि मुलुंड यायच्या आत मी तिचं पान उघडलेलं असतं. मी लिहायला लागले तीच मुळी तिच्यामुळे. पण हल्ली सकाळी तिचं वाचलं की रात्री स्वतःचं लिहिलेलं पाणचट वाटतं. आमच्या लेखनगटातले एक सर म्हणाले, "ही परकी बाई सोडा, आपल्या मातीतलं वाचा." सोबत पहिली दहा पानं जोडली आहेत. कादंबरी १९९८ सालात घडते. तीन बहिणी, ठाण्याच्या डोंगरावर येऊरला बंगला घेतलेला, अमेरिकेहून परतलेला तुसडा नायक, बंगल्यावरची पार्टी. नव्वदाव्या पानावर गाडी थांबली ती थांबलीच. खरं तर आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नाही. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे सध्या भाड्याच्या वन बीएचकेत चौघं राहतो. सासूबाईंच्या शिलाई मशीनवर वही ठेवून लिहिते. मागच्या महिन्यात नणंद हक्कसोडपत्रासाठी नाशिकहून आल्या होत्या. रजिस्ट्रार ऑफिसात फोटो-अंगठा झाला, घरी श्रीखंड-पुरी जेवलो, रात्री त्या परत गेल्या. बाकी रोजचंच. ऑस्टिन वाचणं बंद करू का?

– अ., ठाणे

प्रिय अ.,

बंद करू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण तुमची दहा पानं वाचली, पत्र तीनदा वाचलं, आणि बोलायला बरंच निघालं.

आधी तुमच्या सरांचं. त्यांचं निम्मं बरोबर आहे. आपल्या मातीतलं वाचावंच, आणि ठाण्यात राहून १८९३ सालापासून चालत आलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय हाताशी असताना तर न वाचायला सबबच नाही. पण 'परकी बाई' हा वाद आपल्याकडे हरिभाऊंनीच मिटवून टाकला आहे. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी, 'मधली स्थिती', रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या पुस्तकावर बेतलेली होती. त्याच हरिभाऊंनी पुढे पाच-सहा वर्षांत 'करमणूक'मधून 'पण लक्षांत कोण घेतो' लिहायला घेतली, नायिका यमूच्या तोंडून, आणि आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना नाव दिलं 'आजकालच्या गोष्टी'. इंग्रजी वाचन त्यांनी काही सोडलं नव्हतं. नजर तेवढी लंडनवरून पुण्याच्या माजघराकडे वळवली. तेव्हा सरांना नमस्कार सांगा आणि ऑस्टिन पर्समध्ये राहू द्या.

आता पाणचट वाटण्याबद्दल. तुम्ही तिचं छापलेलं पान तुमच्या कच्च्या खर्ड्याशेजारी ठेवता. हा सामना बरोबरीचा कसा होईल? लग्नात नटूनथटून आलेल्या बाईकडे पाहून आपण सकाळी सहाच्या आपल्या अवताराला नावं ठेवावीत, तसं झालं. एक काम करा. 'पर्सुएशन'च्या शेवटच्या प्रकरणांचं तिचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याच्या पानांची छायाचित्रं इंटरनेटवर बघायला मिळतात. तिच्या पुऱ्या झालेल्या कादंबऱ्यांपैकी हाताने लिहिलेली एवढीच पानं वाचली आहेत. आणि गंमत म्हणजे ही तिने रद्द केलेली पानं आहेत! १८१६च्या जुलैत तिने कादंबरी संपवली. तब्येत ढासळायला लागली होती. शेवट लिहून झाला आणि तिला तो बेचव वाटला. तिच्या भाच्याने नंतर लिहून ठेवलंय, की त्या रात्री ती खिन्न मनाने झोपायला गेली आणि नंतर नव्या दमाने उठून तिने तो भाग पुन्हा लिहिला. मूळ शेवटात नायक-नायिकेची गाठ एका ओळखीच्यांच्या बिऱ्हाडी जरा ओढूनताणून घातली होती. नव्या शेवटात भरल्या खोलीत नायिका दुसऱ्याच कुणाशी बोलते आहे, नायक टेबलाशी बसून ते ऐकतो आहे आणि ऐकता ऐकता तिलाच पत्र लिहितो आहे. ज्या पत्रासाठी आपण ती कादंबरी पुन्हा पुन्हा उघडतो, ते पहिल्या खर्ड्यात नव्हतंच.

आणि ती काही पहिल्यापासून छापली जात नव्हती. १७९७ साली तिच्या वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र घालून तिच्या कादंबरीबद्दल विचारलं. हस्तलिखित बघण्याचीही तसदी न घेता उलट टपाली नकार आला. आपल्या भाषेत साभार परत, तेही न पाठवताच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' म्हणून ती गोष्ट बाहेर आली १८१३ मध्ये. दुसरी एक कादंबरी १८०३ साली १० पौंडांना विकली गेली. प्रकाशकाने ती छापलीच नाही, आणि तेरा वर्षांनी तेवढेच १० पौंड भरून ती परत घ्यावी लागली. छापून आली ती लेखिका गेल्यावर. ऑस्टिन ४१व्या वर्षी गेली. तुमची तीन वर्षं अडलेली गाडी या हिशेबात कुठे बसते ते तुम्हीच बघा. (विमा कंपनीतल्या माणसाला मी हिशेब शिकवायला नको.)

आता दहा पानांकडे येते. रागावू नका. मी स्वतः विशीत असताना एका लाडक्या लेखकाची दोन वर्षं हुबेहूब नक्कल केली आणि ती एका मासिकाला पाठवली. संपादकांनी परत पाठवताना कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "मूळ लेखक आम्ही वाचतो." तेव्हा या खड्ड्याची खोली मला ठाऊक आहे.

तुमची थोरली बहीण तिसऱ्या पानावर म्हणते, "मला भीती वाटते, की मी आपल्या निमंत्रणाचा स्वीकार करू शकणार नाही." ठाण्यातली कुठली मुलगी असं बोलते? ती म्हणेल, "नाही हो जमणार, आईचे गुडघे." किंवा काही न म्हणता नुसतं "बघते" म्हणेल, आणि त्या 'बघते'चा अर्थ नाही असा होतो हे ऐकणाऱ्याला कळेल. येऊरच्या बंगल्यावर पियानो आहे, झाडांतून घोड्यावरून नायक येतो. येऊरला मीही गेले आहे. तिथे पार्टीची आठवण म्हणजे परतताना रिक्षा न मिळणं. आणि सहाव्या पानावर १९९८ साली तुमच्या तिघी बहिणी ठाण्याहून वाशीची लोकल पकडतात. अहो, ठाणे-वाशी गाडी सुरू झाली २००४ मध्ये! त्याआधी ठाणे-बेलापूर रस्त्याने बसचे धक्के खायचे, नाहीतर कुर्ल्याला गाडी बदलायची. मी नेरुळला राहते, या मार्गाची फार वर्षं वाट पाहिलेली बाई आहे. माझ्यापासून हे सुटणार नाही.

ही खोट काढणं तुम्हाला क्षुद्र वाटेल. ऑस्टिनला वाटत नव्हतं. तिची भाची ॲना कादंबरी लिहीत होती आणि लिहिलेला भाग आत्याकडे पाठवत होती. १८१४ सालची आत्याची उत्तरं उपलब्ध आहेत. मला विचाराल तर कादंबरी लिहिणाऱ्याने तिच्या कादंबऱ्यांआधी ही पत्रं वाचावीत. अमुक गावची गोष्ट तमुक गावात बोलली जाणार नाही, मध्ये चाळीस मैल आहेत, असं ती बजावते. पात्रं आयर्लंडला जायची असतील तर खुशाल जाऊ दे, पण तिथल्या चालीरीती तुला माहीत नाहीत, तेव्हा तू त्यांच्याबरोबर जाऊ नकोस, असं सांगते. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येतं, की खेड्यातली तीन-चार कुटुंबं एवढंच कामाला पुरेसं आहे. तुमचं येऊर हे तुमचं आयर्लंड आहे. पात्रांना जाऊ द्या. तुम्ही पाचपाखाडीला थांबा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, जी तुम्ही 'काही घडत नाही'च्या यादीत टाकून दिली आहे. नणंद आल्या, हक्कसोडपत्रावर अंगठा झाला, श्रीखंड-पुरी झाली, रात्री परत गेल्या.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण आज रात्री पुन्हा वाचा. तुम्ही ते वीसदा वाचलं असेल, तरी एकविसाव्यांदा वाचा. बाप मरताना मुलाकडून वचन घेतो, की सावत्र आई आणि तिच्या तीन मुलींकडे बघशील. मुलगा मनाचा वाईट नाही. तो ठरवतो, तिघींना हजार-हजार पौंड देऊ. मग त्याची बायको, फॅनी, बोलायला लागते. आवाज चढत नाही, भांडण नाही. आपल्या मुलाचं काय? एवढी रक्कम गेली की गेली. बरं, मग पाचशे-पाचशे देऊ. पण त्यांना तेवढ्याचीही अपेक्षा नसेल. त्यापेक्षा आईला दरसाल शंभर? नको हो, वर्षासन लावून दिलं की माणसं मरतच नाहीत. मग कधीमधी पन्नास? शेवटी काय उरतं, तर सामान हलवायला मदत, आणि मोसमात मासे नि शिकार पाठवणं. तीन हजार पौंडांचे मासे झाले, काही पानांत! आणि एवढ्यावर न थांबता फॅनीला आठवतं, की सासूबाई घेऊन जाणार त्या न्याहारीच्या कपबश्या आपल्या घरातल्यांपेक्षा फारच सुंदर आहेत.

हे वाचताना मला दर वेळी वाटतं, की ऑस्टिन हॅम्पशरची नाही, आपल्या ठाण्यातल्या नौपाड्याची आहे. फक्त पौंडाच्या जागी स्क्वेअर फूट घालायचे. कार्पेट एरिया, बिल्डरने द्यायची कॉर्पसची रक्कम, भाडं, पार्किंग. "तुम्हाला तिकडे स्वतःचं घर आहेच की." "बाबांची इच्छाच होती तशी." "कागदोपत्री नुसतं, माहेर काय कुठे जातंय?" हक्कसोडपत्रावर सही करताना आपल्या घरांत कुणी काही बोलत नाही. जेवायला गोड करतात.

आणि आता जरा टोचणारं विचारते. त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात?

ऑस्टिन वाचताना आपण सगळ्याच 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची नायिका एलिझाबेथ असतो. हजरजबाबी, स्वाभिमानी, फ्लॅट नसलेल्या, आणि अन्याय कायम दुसऱ्याने केलेला. पण तुमच्या घरच्या त्या प्रसंगात नाशिकहून आलेली बाई दुसरी होती. पुऱ्या तळणारी बाई तुम्ही होतात. खुर्ची फॅनीची होती. मी तुमच्यावर आरोप करत नाही, अजिबात नाही. नणंदेने मनापासून सही केली असेल. सासूबाईंचं सगळं तुम्हीच करता, हे त्यांना पटलं असेल. शब्दही मध्ये न घालता तुम्ही फक्त पुऱ्या लाटल्या असतील. पण मला दाट संशय आहे, की कादंबरी नव्वदाव्या पानावर अडली ती या कारणाने. तुम्ही गोष्ट येऊरला नेली, कारण तिथे तुम्हाला एलिझाबेथ होता येत होतं. घरात राहिली असती तर दुसरंच कुणीतरी व्हावं लागलं असतं.

ऑस्टिनने ते करून दाखवलं आहे. 'एमा' लिहायला घेताना ती म्हणाली होती, की मी अशी नायिका घेतेय जी माझ्याशिवाय फारशी कुणाला आवडणार नाही. एमा सहलीला गेलेली असताना एका गरीब, बडबड्या, वयस्क बाईला चारचौघांत टोमणा मारते. बाईला तो कळायला क्षणभर वेळ लागतो, आणि तो क्षण पुस्तकात आहे. आपण एमाच्या बाजूने वाचत आलेलो असतो, म्हणून तो आपल्यालाच लागतो. तुमची नवी नायिका अशी घ्या. पुऱ्या तळणारी, चांगली, थकलेली, आणि मनातल्या मनात 'सुटलो' म्हणणारी.

हे लिहायला तुम्हाला ऑस्टिनची एकच गोष्ट उसनी घ्यावी लागेल, तिचा निवेदनाचा सूर. ती बाहेरून सांगते आहे असं वाटता वाटता पात्राच्या डोक्यात शिरलेली असते आणि पात्राचा खोटेपणा पात्राच्याच शब्दांत पकडते. मराठीला हे फार छान जमतं, आपण गच्चीत असंच बोलतो. उदाहरणार्थ: 'दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कुणाबद्दल वाईट बोलायची सवय नव्हती. समोरच्या सुनेने सलग तीन दिवस डबा बाहेरून मागवला, हे त्यांनी फक्त चौघींना सांगितलं, आणि तेही काळजीपोटी.' यात काकूंना मी कुठे नावं ठेवली? त्यांचं म्हणणं फक्त त्यांच्याच सुरात लिहिलं. लोकलमध्ये आता तिचं एकच पान वाचा, आणि या पानावर कोण कुणाच्या डोक्यात बसून बोलतंय ते शोधा. भायखळ्यापर्यंत ते संपेल. मग पुस्तक मिटा आणि डबा ऐका. "कुठे उतरणार?" असं विचारून सीट सांगून ठेवणं, सांगितलेली सीट तिसरीनेच बळकावणं, विंडोवाल्या बाईने भायखळा आलं तरी झोपेचं सोंग चालू ठेवणं... ऑस्टिनच्या नाचाच्या समारंभात कोण कुणाबरोबर नाचतं यावरून जेवढं कळतं, तेवढं या डब्यात चौथ्या सीटवर कोण किती टेकलंय यावरून कळतं.

घरचे ओळखतील, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. ओळखतील. नणंदेला वाईट वाटू शकतं आणि कला वगैरे सांगून ते मिटत नाही. म्हणून नणंदेची आतेबहीण करू नका, ते सगळे करतात आणि पहिल्या पानावर पकडले जातात. माणसंच मोडून नव्याने जुळवा. एकीचा राग, दुसरीची साडी, ऑफिसातल्या तिसरीचं बोलणं. ओळखीच्या माणसांवरून पात्रं उचलतेस का, असं ऑस्टिनला विचारलं की ती म्हणायची, माझी माणसं नुसती अमुक-तमुकची नक्कल आहेत हे कबूल करायला मी फार गर्विष्ठ आहे. हा गर्व बाळगण्याइतकं काम करा. आणि छापायला देण्याआधी नणंदेला वाचायला द्या. परवानगी म्हणून नव्हे. नाशिकच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसते ते कळेल, आणि बहुधा एक प्रकरण वाढेल.

जागेबद्दल फार बोलत नाही. शिलाई मशीन उत्तम. चॉटन गावातल्या घरात ऑस्टिनचं लिहायचं टेबल आजही ठेवलेलं आहे, अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनी, एवढंसं. तुमचं मशीन त्याहून मोठं असेल. पण वेळेबद्दल एक सांगते, कारण तिच्या भक्तांना हे आठवत नाही. १८०१ साली आई-वडिलांनी गावचं घर सोडून बाथला बिऱ्हाड हलवलं. पुढची आठेक वर्षं, वडील गेले, भाड्याची घरं, नातलगांचे पाहुणचार, यात तिचं नवं लेखन जवळजवळ थांबलं. एक कादंबरी घेतली ती अर्धवटच राहिली. १८०९ मध्ये चॉटनला हक्काचं छप्पर मिळालं आणि घरकाम बहिणीने नि मैत्रिणीने बरंचसं अंगावर घेतलं, तेव्हा कुठे पुस्तकं बाहेर पडायला लागली. तुम्ही रिडेव्हलपमेंटच्या भाड्याच्या घरात आहात, नोकरी आहे, घरात चार माणसं. कमी लिहून होतंय यात तुमच्या प्रतिभेचा दोष कमी आणि चौरस फुटांचा जास्त. यजमानांना आठवड्यातून दोन रात्रीचा ओटा आवरायला सांगा. सल्ला सदरात एवढं तरी ठणकावून सांगितलंच पाहिजे.

ॲनाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. इतकी चांगली पत्रं येऊनही तिची कादंबरी पुरी झाली नाही. लग्न, मुलंबाळं, मग आत्या गेली. काही वर्षांनी तिने हस्तलिखित चुलीत घातलं. जगातल्या सर्वोत्तम सल्ल्याची ही गत, तिथे माझ्या सदराची काय कथा. तरी ती नव्वद पानं जाळू नका. येऊरची पार्टी तेवढी काढा, धाकटी बहीण चांगली उतरली आहे, तिला ठेवा.

आणि एक विचारायचं होतं. त्या दिवशी श्रीखंड घरी केलं होतं, की कुणी आणलं होतं? नणंद नाशिकहून येताना घेऊन आली असेल, तर पहिलं प्रकरण डबा उघडण्यापासून सुरू करा.